तीन नंबरची पट्टी

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

डोक्याला तेल नाही, तोंडाला क्रीम नाही, फुटलेल्या ओठांना काही नाही. अशी भुतासारखी पिंपळनेरच्या स्टँडवर उतरले. मोहगव्हाणचा रोहिदास मोटरसायकल घेऊन आलेला. आणि निघाला तो सरळ पेट्रोल पंपाकडे! — "ताई, दोनच मिनिटं." ओरडलेच मी. तेलाचा कण सापडतो का ते बघायला आणलेल्या पट्ट्या पाठीवरच्या पिशवीत, आणि हा मला पेट्रोलच्या वाफेत नेतोय! मग मला रस्त्याच्या कडेला उतरवलं आणि एकटा जाऊन टाकून आला. मनात नक्की म्हणाला असेल, बाई जरा सणकी आहे. असू दे.

मोहगव्हाणच्या तलावात तीन ठिकाणी पट्ट्या सोडल्या. एक नंबर बांधाजवळ. दोन नंबर मधोमध. तीन नंबर जिथे नाला येऊन मिळतो तिथे. तीनचा चिखल काळाकुट्ट. काठी खुपसून काढली तर टोकाला चकचकीत थर, आणि पाण्यावर सप्तरंगी तवंग. आठ वर्षांपूर्वी वरच्या वळणावर काळ्या तेलाचा टँकर उलटला, ते सगळं नाल्यातून वाहत येऊन इथे तळाला बसलंय. तेव्हा म्हणे अख्खं गाव हंडे-बादल्या घेऊन तेल भरायला धावलं होतं.

रोहिदास मासे धरतो तो ट्रकच्या ट्यूबवर बसून. मलाही ट्यूबवरच नेणार होता. ट्यूब नको! तिच्या रबरात तेच असतं जे मी शोधतेय. शेवटी थर्माकोलचे तुकडे बांधून तराफा केला. कमरेपर्यंत भिजले. पण पट्ट्या नीट बसल्या. तारेच्या चौकटीत, खाली दगड, वर खूण म्हणून रिकामी बाटली, आणि चिखलापासून बरोबर एक वीत वर.

रोहिदासची बायको गुंताबाई काठावर उभी राहून बघत होती. "हाई काय शे, ताई?" म्हटलं, साधं प्लॅस्टिक आहे. उघड्या लोण्याला कांद्याचा वास लागतो ना, तसं हे पाण्यातलं तेल धरून ठेवतं. बाटलीत पाणी भरून नेलं तर मशीनला काही दिसत नाही इतकं ते थोडं असतं. पट्टी सहा आठवडे पाण्यात राहिली की हळूहळू गोळा होतं, मग मोजता येतं. तिने मान डोलावली. निघताना दोघांना बजावलं, जिवापाड जपा. कुणाचा हात लागू देऊ नका. माझं पीएचडीचं वर्ष या तीन चौकटींवर आहे.

"आमी शेत ना," गुंताबाई म्हणाली. आहेत म्हणे दोघं.

१२ फेब्रुवारी

अंग ठणकतंय. केस धुतले, वाटीभर तेल चोपडलं. स्वर्ग!

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज सरपंचांचा फोन, जीवराम भाऊ. आवाज मोठा, माणूस भला. गावाची नळयोजना मंजूर झालीय. तलावाकाठी विहीर खणायची, टाकी बांधायची, घरोघर नळ. फक्त टँकरच्या त्या तेलामुळे अडलंय. योजनेच्या ऑफिसने बाटलीत पाणी भरून तपासून घेतलं, रिपोर्ट आला "आढळले नाही". तेव्हा माझे गाइड, प्रेमराज सर, त्यांनीच सांगितलं की बाटलीत ते सापडणारच नाही. मग ऑफिस म्हणालं, तुम्हीच सांगा. म्हणजे सांगायचं मी!

"ताई, या उन्हाळ्यात काम सुरू झालं नाही तर मंजुरी जाईल. पुन्हा कधी येईल, देव जाणे. बायका दोन किलोमीटरवरून पाणी आणतात. होळी झाली की तेही आटतं, मग टँकर तिसऱ्या दिवशी." हे सगळं एका दमात. मी म्हटलं, भाऊ, मशीन सांगेल ते सांगेन. म्हणाले, मशीनला आमच्याकडचं पण सांगा.

१२ मार्च, बुधवार

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षा. सकाळपासून पोरांची ब्युरेटं फुटतायत. दुपारी रोहिदासचा फोन. "ताई, पाणी लई उतरलं. गव्हावाल्यांनी मोटारी लावल्यात." मी घाईत होते. म्हटलं, उतरू दे, तुम्ही पट्ट्या सांभाळा म्हणजे झालं. "सांभाळतो," म्हणाला. मी ठेवला.

२५ मार्च, मंगळवार

पट्ट्या काढून आणल्या. तलाव ओळखू येईना इतका आत सरकलाय. एक आणि दोन छान, हिरवं शेवाळ धरलेलं, वास्तविक असंच हवं. तीन नंबर रोहिदासने जरा खोल पाण्यात सरकवलेला. त्याची पट्टी स्वच्छ. शेवाळ नाही, किंचित पिवळट. गाळ असेल.

गुंताबाई पदराचं टोक पिळत उभी. "बराबर शे ना, ताई?" म्हटलं, झकास. जपलंत हो. तिने चहा दिला, गूळ घालून, काळा. कपाला हात लावायच्या आधी पट्ट्या फॉइलमध्ये गेल्या, मग हातमोजे काढले. माझी शिस्त म्हणजे शिस्त!

३० मार्च

पाडवा. लॅब बंद. पट्ट्या सॉल्व्हंटमध्ये भिजतायत. मीच तेवढी बिनकामाची.

३ एप्रिल, गुरुवार

आकडे आले.

एक नंबर — १४. दोन नंबर — १९. तीन नंबर — ३१२!!

लिटरला इतके नॅनोग्राम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा शंभर. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, तेच. मोजणीच्या जीसी मशीनवर ऋतिका बसते, माझी ज्युनियर. तिने टाळीच दिली. खोटं कशाला लिहू, मलाही आनंद झाला. बाटलीला जे दिसलं नाही ते माझ्या वीतभर प्लॅस्टिकला दिसलं. घरी येताना रिक्षात एकटीच हसत होते.

जेवताना आठवलं की ते पाणी लोक पिणार होते. मग ताट तसंच उचललं.

४ एप्रिल, शुक्रवार

सर म्हणाले, "एकच पट्टी आहे. पुन्हा लाव. मग बोलू." सरांचं एक वाक्य ठरलेलं: आकड्याला बोलू द्यावं, आपण मध्ये बोलू नये. मी भांडले. सर, आज काम सुरू झालं, उद्या नळाला तेच पाणी आलं, तर? आपल्याला माहीत असून? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुझी खात्री आहे?" म्हटलं, शंभर टक्के.

पत्र मी लिहिलं, सही दोघांची. योजनेच्या ऑफिसला गेलं: तीन नंबरचं पाणी मर्यादेच्या तिप्पट, काम थांबवावं.

९ एप्रिल, बुधवार

जीवराम भाऊंचा फोन. यावेळी आवाज मोठा नव्हता. ते जास्त वाईट.

"थांबलं ताई सगळं. ऑफिसवाले म्हणतात मेअखेर ठरलं नाही तर मंजुरी रद्द." मी समजावत बसले. भाऊ, हे विष आहे, हळू चढतं, वीस वर्षांनी दिसतं. ते म्हणाले, "वीस वर्षांनंतरचं तुम्ही बघितलंत, चांगलं केलंत. बायका उद्या सकाळी जातील ते कोण बघतं?"

मी पुन्हा आकडा सांगितला. तीनशे बारा.

१४ एप्रिल, सोमवार

फैजपूर, माझं गाव. जयंती. सकाळी वंदना, मग मिरवणूक, पांढरी साडी, पाय सुजले. झुंबरबाई — म्हणजे आमची मातोश्री — सगळ्या गल्लीला सांगत फिरत होती, "आमची शिल्पा पाणी तपासते. तिच्या पत्रावर सरकारचं काम थांबतं." मी तिला गप्प करायला गेले तर आणखी मोठ्याने.

संध्याकाळी भाषणं झाली. चवदार तळ्याचं निघालंच, दरवर्षी निघतं. लहानपणापासून ऐकतेय, अंगावर काटा येतो. आज आला नाही. ओंजळभर पाण्यासाठी कुठून कुठून लोक चालत गेले, आणि त्यांच्यातलीच मी, एका गावाचं पाणी बंद करून आलेय. बरोबर आहे माझं. तरी रडू आलं. आईला म्हटलं तर ती म्हणाली, "घाण पाणी बंद केलंस ना? मग रडतेस कशाला?" खरंय. मग रडू कशाला?

१६ एप्रिल, बुधवार

आजचं नीट लिहायला हवं, क्रमाने.

सरांना शोधनिबंधासाठी तक्ता हवा होता. एकूण आकडा नाही, त्यातलं कोणतं रसायन किती हे सगळं. मी तीन नंबरची फाईल उघडून ठेवली आणि चहाला गेले. परत आले तर ऋतिका माझ्या खुर्चीवर. "ताई, माझी फाईल तुमच्या फोल्डरमध्ये कशी?" म्हटलं, ती माझीच आहे. "नाही हो, ही माझी. बघा ना." ऋतिका धुरावर काम करते. कापसाची पऱ्हाटी जाळायची, धूर गोळा करायचा, मोजायचा. दिवसभर तिच्या ओढणीला होळीचा वास. तिने तिची फाईल शेजारी उघडली. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. जुळी भावंडं!

खाली बसले मी. लहान पोरीला कळेल असं लिहिते, म्हणजे माझ्या डोक्यात बसेल. या रसायनांची कुटुंबं असतात. तेलातून आलेलं असलं की आई एक आणि भोवती लेकरं पुष्कळ. जाळातून आलेलं असलं की आई एकटी, लेकरं जवळपास नाहीतच, जळून जातात. एक नंबरला लेकरं आहेत. दोन नंबरला आहेत. तीन नंबरला — जिथे काळा चिखल आहे, जिथे सगळ्यात जास्त असायला हवीत — तिथे नाहीत. आई एकटी. हे तेल नव्हेच. हा धूर आहे.

पाण्याखाली वीतभर चिखलावर बसलेल्या पट्टीला धूर लागला कुठून?

बेरीज बघून पत्र लिहिलं मी. आतली माणसं मोजलीच नाहीत. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे करत नाही. सरांना सांगितलेलं नाही अजून. आधी मोहगव्हाण.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळची धुळ्याची गाडी, मग साक्री, मग पिंपळनेर. साडेबाराला पोचले. रोहिदास जाळं विणत ओट्यावर बसलेला. मला बघून उठलाच नाही नीट, अर्धा उठला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "तिला रागवू नका."

आत गेले. गुंताबाई भाकरी थापत होती. खोलीला खिडकी नाही. डोळे चुरचुरले, दोन मिनिटांत नाक वाहायला लागलं. चुलीवर आडवा बांबू, त्याला मक्याची कणसं उलटी टांगलेली, पार काळी, बियाण्याची. धुराने कीड लागत नाही. तिथेच कणसांच्या मधोमध दोन रिकाम्या सुतळ्या लोंबत होत्या. मी बघितलं. तिने मी बघताना बघितलं. भाकरी तव्यावर टाकली आणि बोलायला लागली.

"पाणी उतरी गयं, ताई. तुमनी पट्टी उघडी पडी गयी. ढोरं तठेच पाणी पितस, बकऱ्या कायबी चावतस. तुम्ही सांगेल व्हतं, जपा. म्हनीसन मी घर लई उनू. आमनं बठ्ठं जपानं ते चुल्हावरच ऱ्हास."

जपायचं ते चुलीवर. बियाणं तिथे, पावसाळ्याचे सुके मासे तिथे, मग माझी पट्टीही तिथे. दहा दिवस! मी येणार कळलं तेव्हा काढली, ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली, आणि रोहिदासने तीन दिवस आधी पाण्यात परत सोडली. सांगितलं का नाही? "तुम्ही वरडतीस म्हनीसन." पहिल्या दिवशी पेट्रोल पंपावर मी कशी किंचाळले ते रोहिदासने घरी येऊन सांगितलं होतंच.

ओरडले नाही. कुणावर ओरडू? फोन त्याने केला होता, ठेवला मी. जपा म्हणाले मी, पाणी उतरलं तर काय करायचं ते सांगितलं नाही. पिवळी पट्टी डोळ्यांनी बघितली आणि गाळ म्हणून सोडून दिली. सहा आठवड्यांत शेवाळ धरलं नाही, तेही स्वच्छ म्हणून खपवलं!

"ताई, आमनामुये पाणी बंद व्हयनं का?" तिने विचारलं. भाकरी जळायला लागली होती. म्हटलं, तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. तिला ते पटलं नाही. भाकरी उलटायची राहिली आणि ती पदरात तोंड घालून रडली. माझंही नाक-डोळे वाहतच होते, धुराने म्हणा.

१८ एप्रिल, शुक्रवार

सरांना सगळं सांगितलं. उभ्यानेच. वाटलं आता ऐकवतील, मी तेव्हाच म्हणालो होतो. तसं ऐकवलं नाही. नुसतं विचारलं, "मग तीन नंबरचं खरं काय?" म्हटलं, माहीत नाही. "मग माहीत करून घे. आणि हे दुसरं पत्र पहिल्यासारखं घाईने लिहू नकोस."

मी म्हटलं, सहा आठवडे थांबले तर मंजुरी जाईल. त्यांनी कागद ओढला, हिशेब केला. पट्टीत आपण आधीच घातलेली खूण-द्रव्यं किती उरली त्यावरून दोन आठवड्यांतही आकडा काढता येईल. जरा ढोबळ येईल, पण येईल. रडत बसायला नको, कामाला लागायला हवं.

२० एप्रिल, रविवार

पट्ट्या लावल्या. यावेळी तीन नंबरला चार, पाणी सरकलंय तितकं आत, त्याच काळ्या चिखलावर. रोहिदासला रोज संध्याकाळी फोन करायला लावलंय — पाणी किती, चौकट बुडलेली आहे का, चिखलापासून वीतभर आहे का. गुंताबाई काठावर आलीच नाही. घरी जाऊन म्हटलं, तुम्हीच बघायला पाहिजे, रोहिदासवर माझा भरवसा नाही. तेव्हा हसली.

२६ एप्रिल

आजचा फोन गुंताबाईचा. रोहिदास बाजाराला गेलाय. "पाणी गुडघाभर शे. पट्टी बुडेल शे. मी हात लायेल नही!" शेवटचं वाक्य दोनदा.

४ मे, रविवार

काढल्या. चारही हिरव्या. शेवाळ बघून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

८ मे, गुरुवार

तीन नंबर — २९, ३१, ३४, ३१.

लेकरं आहेत! खच्चून लेकरं! म्हणजे खरंच तेल, खालच्या चिखलातून वर येणारं. पण एकतीसच्या आसपास. मर्यादा शंभर. वरचं पाणी चालेल. ऋतिकाला तीनदा तपासायला लावलं, तिने हात जोडले. सरांनी स्वतः मशीनसमोर बसून बघितलं. मग म्हणाले, "आता लिही."

९ मे, शुक्रवार

लिहिलं. पहिलं पत्र मागे घेतो. नमुना हाताळण्यात चूक झाली, ती चूक माझी. गुंताबाईचं नाव नाही, चुलीचं नाही, रोहिदासचं नाही. सर म्हणाले, "कारण विचारतील." म्हटलं, विचारू देत, उत्तर मी देईन. त्यांनी सही केली.

दुपारी योजनेचा इंजिनिअर ललित, त्याचा फोन. तरुण आहे, नम्र बोलतो. "मॅडम, एक विनंती. पहिल्या पत्रात तीन नंबरचं नाव होतं, त्यावरच सगळं अडलं. या पत्रात तीन नंबरचं स्पष्ट वाक्य हवं. साहेब लांबलचक वाचत नाहीत." बरोबरच आहे. ज्या तोंडाने वाईट म्हटलं त्याच तोंडाने चांगलं म्हणायला हवं. घातलं वाक्य, वेगळ्या ओळीत, ठळक: ठिकाण क्रमांक तीन येथील पाणी पिण्याच्या मर्यादेत आहे.

मग जीवराम भाऊंना फोन. महिनाभर तुमचं काम माझ्या चुकीने थांबलं, असं सरळ सांगून टाकलं. मला वाटलं शिवी येणार. "ताई," म्हणाले, "इतकी वर्षं राजकारणात आहे. चुकलो म्हणणारा माणूस फोनवर पहिल्यांदा ऐकला." आणि मग तोच मोठा आवाज, बायकोला हाका मारून सांगत सुटले.

झोप लागेल आज.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. आईने खीर केली. तिला सांगितलं की ते पत्र मागे घेतलं. "म्हणजे सरकारचं काम तुझ्या पत्रावर पुन्हा सुरू झालं?" म्हटलं, हो. गल्लीत सांगायला गेली! या बाईपुढे हात टेकले.

१५ मे, गुरुवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ते तीनशे बारा खोटं नव्हतं. पाण्याचं नव्हतं इतकंच. गुंताबाईच्या चुलीवर दहा दिवसांत साठलेलं होतं. मी तळ्याच्या तळाशी एकतीस शोधायला सॉल्व्हंट ओतत बसलेय, आणि ती रोज दोन वेळा त्याच्यात तोंड घालून भाकरी करते. कोपऱ्यात गॅसचा सिलिंडर होता. वर फुलाफुलांचा कपडा, कपड्यावर आरसा-फणी. रिकामा. भरलेला आणायला पिंपळनेरला जावं लागतं.

फोन केला. म्हटलं, वहिनी, भिंतीला एक भोक तरी पाडा, धूर बाहेर जाईल. ती म्हणाली, "मंग बियाणाले धूर कसा लागी?" मला हसूही आलं आणि रागही. सरांशी बोलायला हवं. पुढचं काम हेच असावं. पण आधी प्रबंध!

२१ मे, बुधवार

काम सुरू झालं. भूमिपूजनाला बोलावलं होतं, जीवराम भाऊंनी आणि ललितनेही. प्रबंधाचं चौथं प्रकरण उद्या सरांना द्यायचंय. नाही गेले. रोहिदासच्या फोनवरून गुंताबाई बोलली. गावातल्या बायकांनी ठरवलंय, विहिरीचा पहिला हंडा तिच्या डोक्यावर द्यायचा. कारण काय, तर ती तलावाची राखण करत होती. कुणाला काही माहीत नाही. लाजून मरत होती ती.

मी म्हटलं, घ्या. हक्काचा आहे.

२९ मे

चौथं प्रकरण परत. सरांच्या लाल पेनाने रक्तबंबाळ. समासात एकच शाबासकी: तीन नंबरच्या चुकीचं पान, तिथे बारीक अक्षरात "उत्तम". चुकीला उत्तम मिळालेली मीच पहिली असेन.

६ जून, शुक्रवार

रोहिदासचा फोन, दुपारी. विहिरीला पाणी लागलं, बावीस फुटांवर. नारळ फुटला. हंडा गुंताबाईने घरी नेला.

"पन ताई, वास येतो पाण्याला. काळ्या तेलाचा."

काठावरच्या विहिरीला कसा येईल, विचारलं. तर म्हणाला, काठावर दगड लागला, म्हणून जागा बदलली. तीन नंबरला खणली. तलाव तिथे आटलेला, खोदायचं मशीन उतरायला सोपं. आणि ललितसाहेबांनी सगळ्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं, तीन नंबर चांगलं आहे म्हणून.

मी चिखलाच्या वरचं पाणी मोजलं. विहिरीत झिरपतंय ते चिखलातून.

"गुंता विचारते, ताईंनी सांगितलंय चांगलं, तर प्यायचं ना?"

ओरडले मी, नको! तोवर त्याच्या मागून हंड्यात पेला बुडाल्याचा आवाज आला, ती पोरांना पेले भरून देत होती.